चार सायकली, एक हौदा आणि सव्वाबाराशे किलोमीटर

पिकअपच्या हौद्यातून सायकल रस्त्यावर पडल्याचे किस्से ऐकायला भरपूर मिळतात. पडलेली सायकल प्रत्यक्षात क्वचितच बघायला मिळते. घासलेली मात्र दर सहलीत एक तरी निघते. कुठे रंग उडालेला, कुठे ब्रेकची होज (तेलाची नळी) चेपलेली, कुठे डिरेलरचा, म्हणजे मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा, फ्रेमला जोडणारा हँगर दोन मिलिमीटर आत वळलेला. एकेक धक्का किरकोळच असतो, पण चारशे किलोमीटरमध्ये असे धक्के हजारोंनी बसतात. म्हणून चार दिवसांच्या या प्रवासात सगळा जोर सायकली घट्ट आवळण्यावर नव्हता. त्या हलू नयेत, आणि हलल्याच तर एकमेकींना लागू नयेत, एवढंच पाहायचं होतं.

आदली संध्याकाळ : मापं आणि फळ्या

हौदा आतून १६८ सेंमी लांब आणि १५२ सेंमी रुंद. दोन्ही बाजूंना मागच्या चाकांवरचे उंचवटे साधारण १२ सेंमी आत आलेले. सायकली चार: २४ किलोची ई-बाइक, साडेबारा किलोची पुढेच सस्पेन्शन असलेली हार्डटेल, ९ किलोची कार्बनची ग्रॅव्हल (कच्च्या-पक्क्या रस्त्यांची) आणि पुढे-मागे सस्पेन्शन असलेली १५ किलोची फुल सस्पेन्शन. एकूण वजन ६०.५ किलो. पिकअपला हे काहीच नाही. प्रश्न जागेचा होता.

अख्खी माउंटन बाइक १८० ते १९० सेंमी लांब असते, त्यामुळे एवढ्या हौद्यात ती सरळ बसत नाही. पुढचं चाक काढलं की लांबी मोजायची ती फोर्कच्या (पुढचं चाक धरणाऱ्या दोन पायांच्या) टोकापासून मागच्या टायरच्या शेवटापर्यंत, म्हणजे व्हीलबेस (दोन्ही चाकांच्या मध्यांतलं अंतर) अधिक मागच्या चाकाची त्रिज्या. ई-बाइकचं हे माप १२२ अधिक ३७, म्हणजे १५९ सेंमी आलं. फोर्क पकडणारा ठोकळा पुढच्या भिंतीपासून ६ सेंमी सोडून बसवला तर १६५. फाळका (हौद्याचं मागचं दार) बंद होतो आणि वर तीन सेंमी उरतात. हौदा दीडशे सेंमीचा असता तर हे गणित जमलं नसतं, सायकली तिरक्या लावाव्या लागल्या असत्या.

फोर्कचे ठोकळे थेट हौद्याच्या पत्र्यात भोकं पाडून बसवता येतात, पण फळीवर बसवलेले बरे. मुक्कामी पोचल्यावर फळी उचलून बाजूला ठेवली की हौदा रिकामा. इथे दोन फळ्या होत्या, प्रत्येकी १५० सेंमी लांब, १४ सेंमी रुंद, ४ सेंमी जाड. एक केबिनच्या भिंतीला टेकवून, दुसरी फाळक्याजवळ. प्रत्येक ठोकळा आरपार जाणाऱ्या एम-८ बोल्टने कसलेला, खाली वॉशर आणि नायलॉनची रिंग असलेला नट. लाकडाचे स्क्रू इथे चालत नाहीत. सायकलीचा वरचा भाग डोलतो तेव्हा ठोकळा तरफेसारखा वर उपटला जातो आणि स्क्रू आपली भोकं स्वतःच मोठी करत बसतात.

पुढची फळी ब्रेक लागल्यावर भिंतीला टेकते, तिला पुढे सरकायला जागाच नाही. मागच्या फळीला ती सोय नाही, म्हणून तिची दोन्ही टोकं हौद्याच्या मागच्या कड्यांना बांधायची. दोन्ही फळ्यांखाली जुन्या ट्यूबच्या रबराच्या पट्ट्या चिकटवलेल्या. हौद्यात प्लॅस्टिकचं अस्तर असेल तर हे रबर हवंच, त्यावर लाकूड बर्फावरून सरकावं तसं सरकतं.

चारही सायकली एकाच दिशेने तोंड करून लावल्या की हँडलं एकमेकांत अडकतात. ७८ सेंमी रुंदीच्या हँडलला शेजारी तेवढंच हँडल नको असतं. म्हणून आड एक उलटी: ई-बाइक केबिनकडे तोंड करून, हार्डटेल फाळक्याकडे, ग्रॅव्हल पुन्हा केबिनकडे, फुल सस्पेन्शन फाळक्याकडे. शेजारच्या दोन सायकलींमध्ये ३७ सेंमी. हार्डटेलचं हँडल ७२ आणि फुल सस्पेन्शनचं ७८, दोन्हींची तोंडं एकाच बाजूला. निम्मं-निम्मं मिळून ७५ होतात आणि मध्ये अंतर ७४. एका सेंटीमीटरने गणित चुकलं. शेवटचा ठोकळा दोन सेंमी बाहेर सरकवला, तेव्हा सुटलं.

हँडलांच्या नादात पायडलांचं माप मात्र राहून गेलं. सायकलीच्या मध्यापासून पायडलच्या बाहेरच्या कडेपर्यंत साडेएकोणीस सेंमी भरतात. शेजारच्या दोघींचे मिळून ३९, आणि मध्ये जागा ३७ची. उलटसुलट लावल्यामुळे दोन्ही सायकलींचे क्रँक (पायडलांच्या दांड्या) हौद्याच्या लांबीत जवळपास एकाच जागी येतात, म्हणजे पायडल पायडलवर. पायडलं काढून टाकणं हा सरळ मार्ग. १५ मिमीचा पाना किंवा ६-८ मिमीची ॲलन की लागते, आणि डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. पण त्याहून सोपं उत्तर आहे: चारही सायकलींचं उजवं पायडल पुढे आणि क्रँक जमिनीला समांतर. दोन सायकली विरुद्ध तोंडाच्या, त्यामुळे एकीचं ‘पुढे’ केबिनकडे येतं, दुसरीचं फाळक्याकडे. समोरासमोरच्या पायडलांत एक फूटभर जागा आपोआप मिळते. मग डावा क्रँक चेनस्टेला (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या नळीला) वेल्क्रोच्या पट्टीने बांधून टाकायचा. नाहीतर पहिल्याच खड्ड्यात तो फिरतो आणि सगळी मांडणी मोडते.

ठोकळे लावताना एक्सलचं माप (जाडी × रुंदी) वाचूनच लावावं. हार्डटेलला साधं ९×१०० मिमीचं, दांडी वळवून आवळायचं क्विक रिलीज, ग्रॅव्हलला १२×१००, उरलेल्या दोघींना १५×११०. दिसायला १५×१०० आणि १५×११० एकसारखेच. मात्र ११०च्या फोर्कमध्ये १००ची नळी घातली तर दहा मिमीची पोकळी राहते, आणि ती आवळून भरून काढायला गेलं की फोर्कचे पाय आत खेचले जातात. क्विक रिलीजची दांडी अर्ध्या वाटेवर जड लागायला हवी आणि बंद केल्यावर तळव्यावर तिचा वळ उमटायला हवा. याहून सैल दांडी प्रवासात उघडते.

चाक काढल्याबरोबर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लॅस्टिकची चकती घालायची. नसेल तर पुठ्ठ्याची जाड घडी चालते. मधे रोटर (चाकावरची ब्रेकची चकती) नसताना कोणी चुकून लिव्हर दाबली तर पिस्टन बाहेर येतात आणि मुक्कामी चाक आत जातच नाही. काढलेली चारही चाकं पिशव्यांत घालून केबिनमध्ये, मागच्या सीटवर. एकावर एक ठेवायचीच असतील तर रोटरची बाजू वर आणि मध्ये पुठ्ठा. रोटर वजनाखाली आला की लहरतो, आणि मग पुढचे चार दिवस ब्रेकचं किणकिण ऐकत राहायचं.

ई-बाइकची बॅटरी काढून केबिनमध्ये, त्यामुळे सायकल साडेवीस किलोवर आली. उघड्या राहिलेल्या जोडाच्या खाचेवर रबरी झाकण. ते नसेल तर प्लॅस्टिक आणि टेप.

दिवस पहिला : हमरस्ता, ४१० किलोमीटर

निघण्याआधी मागच्या चाकांचे पट्टे. फोर्क पकडलेला आहे म्हणून काम झालं असं वाटतं, तिथेच चूक होते. मागचं चाक मोकळं असेल तर वळणावर सायकल आडवी डोलते, आणि तो सगळा पीळ फोर्कच्या दोन टोकांवर येतो. फोर्कची ही टोकं रस्त्याचा भार खालून वर घेण्यासाठी बनवलेली असतात, आडव्या पिळासाठी नाही. म्हणून मागच्या रिमभोवती २५ मिमीचा पट्टा, टायरसकट, आणि त्याची दोन टोकं दोन बाजूंच्या कड्यांना, इंग्रजी व्ही अक्षरासारखी. पट्टा स्पोकवर ओढून आवळायचा नाही आणि रोटरला टेकू द्यायचा नाही.

पट्टा हाताने ओढायच्या कॅम बकलचा, दांडीने आवळायच्या रॅचेटचा नव्हे. रॅचेटची दांडी दोन बोटांनीही इतका ताण देते की कार्बनची नळी चिरडली जाते, आणि ते हाताला जाणवत नाही. कॅम बकल हाताच्या जोरापलीकडे आवळलाच जात नाही, हा त्याचा गुण. रॅचेट फळ्या बांधायला वापरावा, सायकलींना नको. हूक असलेले लवचीक रबरी दोरही नकोत. ते सायकलीला धरून ठेवत नाहीत, तिच्याबरोबर नाचतात, आणि हूक सुटला तर तो थेट डोळ्याच्या दिशेने येतो.

किती ताकद धरायची याचा अंदाज असावा. मालवाहतुकीच्या नियमांत भार पुढच्या दिशेने त्याच्या वजनाच्या ०.८ पट आणि आडव्या व मागच्या दिशेने ०.५ पट जोर सहन करेल असा बांधायचा असतो. साडेवीस किलोच्या ई-बाइकला जोरात ब्रेक लागल्यावर साधारण साडेसोळा किलोचा ढकला पुढे, वळणावर सव्वादहा किलोचा आडवा. आकडे लहान आहेत. कुठलाही बरा पट्टा त्याच्या कितीतरी पट पेलतो. त्यामुळे पट्टा तुटण्याची भीती नसते, भीती असते ती तो सैल होण्याची.

आणि तो सैल होतोच. पंधरा किलोमीटरवर पहिला थांबा ठरवूनच घेतलेला होता. चार पट्ट्यांपैकी तीन सैल, सगळ्यात जास्त दोन सेंमी. टायर थोडे दबलेले, नळ्यांवरचा फोम बसलेला, पट्ट्याची वीण ताणलेली. नवीन पट्टा पहिल्या दिवशी हे करतोच. पुन्हा ओढून घेतल्यावर ८० किलोमीटरवर परत पाहिलं तर फरक नव्हता. हा पहिला थांबा टाळला की पुढचं सगळं नशिबावर.

फुल सस्पेन्शनचं वेगळं. तिचा मागचा शॉक लॉक करून ठेवायचा. लॉक नसेल तर खड्ड्यात ती खाली बसते, पट्टा ढिला पडतो, वर येताना पुन्हा ताणला जातो, असं दिवसभर चालू. सस्पेन्शन पूर्ण दाबून बांधून टाकणं हा काही लोकांचा उपाय. त्यात सीलवर तासन्‌तास ताण राहतो, कशाला ते?

ताशी ९०च्या पुढे गेल्यावर हौद्यातून घूंऽऽ असा आवाज सुरू झाला, केबिनमध्येही ऐकू येईल इतका. जेवणाच्या थांब्यावर शेजारी उभ्या असलेल्या मालट्रकच्या चालकाने काही न विचारता एक पट्टा सोडला, त्याला अर्धा पीळ दिला आणि परत लावला. सपाट पट्टा वाऱ्यात पात्यासारखा थरथरतो. पीळ दिला की वारा त्यावर एकसारखा धरत नाही. चारही पट्ट्यांना पीळ दिल्यावर आवाज गेला. तो थरथराट नुसता कानाला त्रास देत नाही, बकलपाशी पट्टा कातरतो आणि नळीला टेकलेला असेल तर तिचा रंगही काढतो. पट्ट्यांची उरलेली टोकंसुद्धा गुंडाळून रबराने बांधायची. फडफडणारं टोक चाकात जातं किंवा टेललाइटवर आपटत राहतं.

हौद्यात वारा कसा फिरतो हेही त्याच थांब्यावर दिसलं. केबिनच्या मागे हवा गोल फिरते, तळातून पुढे येते आणि वर उठते. एक रिकामी पाण्याची बाटली फाळक्याजवळ ठेवलेली होती, ती केबिनच्या भिंतीपाशी सापडली. हेल्मेट, हातमोजे, बाटल्या यांतलं काहीही हौद्यात मोकळं ठेवू नये.

रात्रीसाठी गाडी फाळक्याच्या बाजूने भिंतीला इतकी जवळ लावली की फाळका उघडणारच नाही. चारही फ्रेममधून एकच जाड साखळी, तिचं टोक हौद्याच्या कड्यात. मागच्या चाकांनाही साखळीत घेतलं. फोर्कच्या ठोकळ्याला स्वतःचं कुलूप असलं तरी फळीचे पट्टे कात्रीने कापता येतात, आणि मग फळीसकट सायकल जाते. कार्बनची ग्रॅव्हल आत खोलीत नेली. कुलपापेक्षा दार बरं.

दिवस दुसरा : पाऊस, १५० किलोमीटर

सकाळी सहालाच पाऊस सुरू, दुपारपर्यंत थांबला नाही. सायकली भिजायलाच बनलेल्या असतात, त्यामुळे त्यात घाबरण्यासारखं काही नाही, असं वाटतं. पण उभ्या सायकलीवर पडणारा पाऊस आणि ताशी ८०-९०ने समोरून येणारा पाऊस यांत फरक आहे. दुसरा सीलच्या आत घुसतो. हेडसेट, हब, बॉटम ब्रॅकेट (अनुक्रमे हँडल, चाक आणि क्रँक फिरतात त्या जागा) यांची रबरं चिखल आणि शिंतोडे अडवण्यासाठी असतात, पाण्याच्या झोताला ती पुरत नाहीत. केबिनकडे तोंड असलेल्या दोघींना केबिनचा आडोसा मिळतो. हँडल छताच्या वर जात असेल तरच तिथे पाणी थेट लागतं.

सायकलींवर ताडपत्री टाकण्याचा मोह आवरावा. मोकळं आच्छादन वाऱ्यात शीड होतं, पट्ट्यांवर ताण आणतं आणि आतून रंग घासतं, त्यात अडकलेली वाळू सँडपेपरचं काम करते. त्याऐवजी सीटला प्लॅस्टिकची पिशवी घालून रबर लावलं, हँडलवरच्या ई-बाइकच्या डिस्प्लेला दुसरी पिशवी. एवढं पुरलं.

खरा धडा पट्ट्यांनी दिला. चारपैकी दोन पट्टे नायलॉनचे होते आणि दोन पॉलिएस्टरचे. तासाभराच्या पावसानंतर नायलॉनचे दोन्ही लोंबायला लागले, पॉलिएस्टरचे जसेच्या तसे. नायलॉन पाणी शोषतं आणि लांबतं, पॉलिएस्टर जवळजवळ शोषत नाही. पट्टा घेताना वर लावलेलं लेबल वाचावं, दोन्ही दिसायला सारखेच असतात. नायलॉनचे पट्टे त्याच दिवशी काढून केबिनमध्ये टाकले आणि जादा ठेवलेले पॉलिएस्टरचे लावले. सायकलीमागे एक पट्टा लागतो, तर दोन तरी जादा हवेत.

पाऊस थांबल्यावर एक काम लगेच करायचं असतं आणि बहुतेक लोक ते संध्याकाळवर टाकतात. नळ्यांवरचा फोम काढून पुसणं. पाइपवर चढवतात तो राखाडी फोम, लांबीत चिरलेला, वरच्या नळीवर चढवून ठेवलेला असतो. पावसात रस्त्यावरचा बारीक गाळ उडून त्याच्या आत शिरतो. कोरडा झाला की नळी आणि फोम यांच्यामध्ये पॉलिशचा कागदच तयार. हार्डटेलच्या वरच्या नळीवर नखाएवढा निस्तेज डाग पडलेला होता, तो याचाच. ज्या जागी काहीही टेकणार आहे तिथे आधी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवली असती तर तो फिल्मवर पडला असता. नळी पुसून, फिल्म लावून, फोम धुऊन परत.

मुक्कामी पोचल्यावर सीटची दांडी काढून सायकली उलट्या धरल्या. ग्रॅव्हलच्या सीटच्या नळीतून कपभर पाणी निघालं. उलट्या धरल्यानंतर हायड्रॉलिक ब्रेकची लिव्हर मऊ लागू शकते, टाकीतली हवा होजमध्ये शिरलेली असते. सायकल सरळ उभी करून लिव्हर दहा-पंधरा वेळा दाबली की बहुतेक वेळा ती परत वर जाते. नाही गेली तर ब्रेक ब्लीड करून (आतली हवा काढून) घेतल्याशिवाय उतारावर जायचं नाही.

चेनला तेल लावण्याआधी रोटरवर कापड झाकायचं. रोटरवर तेलाचा एक थेंब आला की पॅड खराब होतात आणि उतारावर ब्रेक नुसता किंचाळतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलची लहान बाटली आणि स्वच्छ कापड, हे सामान प्रत्येक गाडीत असावं.

दिवस तिसरा : कच्चा रस्ता, सहा फेऱ्या

आजचं काम वेगळं. डोंगराच्या माथ्यापर्यंत ९ किलोमीटरचा कच्चा रस्ता. गाडीने सायकली वर न्यायच्या, खाली पायवाटेने उतरायचं, आणि पुन्हा. अशा सहा फेऱ्या. प्रत्येक वेळी पुढचं चाक काढून ठोकळ्यात बसवायचं तर एका फेरीला सायकलीमागे चार-पाच मिनिटं जातात. इथे फाळक्यावरची गादी कामाला येते. फळ्या काढून मुक्कामीच ठेवल्या.

गादीची तऱ्हा अशी: ती बंद फाळक्यावर पांघरली जाते, तिचे पट्टे फाळक्याच्या खालून येऊन आत आवळले जातात. सायकलीचं मागचं चाक हौद्यात, पुढचं चाक फाळक्याच्या बाहेर लोंबतं, खालची नळी गादीच्या खाचेत टेकते आणि वेल्क्रोची पट्टी तिला धरते. चढवायला दहा सेकंद. म्हणूनच लोकप्रिय, आणि म्हणूनच बेफिकिरी येते.

गादी बसवताना पट्टे फाळक्याच्या खालच्या फटीतून सरळ जातात ना ते पाहायचं. पिळलेला पट्टा फाळका बंद करताना दाराच्या कडेत सापडतो. पट्टे आवळायचे ते फाळका उघडा असताना, मग फाळका बंद करून पुन्हा एकदा. मागचा कॅमेरा गादीखाली गेला तर रिव्हर्सला काहीच दिसत नाही, आणि पुढची चाकं फाळक्याच्या बरीच बाहेर आलेली असतात. गाडी संपते तिथे सायकल संपत नाही. मागे घेताना एकाने खाली उतरून उभं राहणं हाच उपाय. नंबरप्लेट आणि टेललाइट चाकांनी झाकले जाणार नाहीत हेही बघायचं. पक्क्या रस्त्यावर ते झाकले तर नियमभंगच होतो. भार किती बाहेर आल्यावर लाल कापड किंवा दिवा लावायचा याचे नियम जागोजागी वेगळे, निघण्याआधी बघून घ्यावेत.

ई-बाइक गादीवर चढवली नाही. तिची खालची नळी बॅटरीमुळे इतकी जाड आहे की वेल्क्रोची पट्टी जेमतेम टोकाला पोचते, आणि सगळं वजन बॅटरीच्या प्लॅस्टिक झाकणावर येतं. ती तिच्या मोटरवर स्वतःच वर गेली. गादीवर राहिल्या दोघी, हार्डटेल आणि फुल सस्पेन्शन. कार्बन फ्रेमची ग्रॅव्हल या वाटेची नव्हेच.

पहिल्या फेरीनंतर हार्डटेलचा मागचा ब्रेक उशिरा धरायला लागला. तिची होज खालच्या नळीच्या खालून जाते, आणि ती नळी व गादीची कडा यांमध्ये चेपली जात होती. कायमचं काही बिघडलं नव्हतं. होजच्या दोन्ही बाजूंना फोमचे दोन तुकडे लावून तिच्यासाठी खोबण केली आणि प्रश्न मिटला. नळीखालून होज किंवा केबल जाणारी प्रत्येक सायकल गादीवर ठेवण्याआधी हात घालून चाचपावी.

दुसरी भानगड चौथ्या फेरीत. फुल सस्पेन्शन हौद्याच्या डाव्या टोकाला होती. गादीवर पुढचा भाग बांधलेला असतो, मागचं चाक मात्र नुसतं हौद्याच्या तळावर टेकलेलं. प्लॅस्टिकच्या अस्तरावर ते प्रत्येक खड्ड्यात इंचभर सरकतं. सरकत सरकत डिरेलर चाकावरच्या उंचवट्याला जाऊन धडकायला लागला. माथ्यावर पोचल्यावर वरकरणी सगळं ठीक दिसत होतं. पायवाटेच्या पहिल्याच चढावर सगळ्यात मोठ्या दातेरी चकतीवर चेन टाकली तेव्हा डिरेलरचा पिंजरा स्पोकला लागून टिक-टिक आवाज आला. तिथेच थांबणं हे सगळ्यात महत्त्वाचं. आणखी अर्धा फेरा मारला असता तर डिरेलर स्पोकमध्ये खेचला गेला असता, आणि त्याच्याबरोबर चाकही.

तपासायची पद्धत सोपी: सायकलीच्या मागे बसून डिरेलरच्या दोन लहान चक्रांकडे बघायचं. ती वरच्या चकतीच्या सरळ रेषेत खाली लोंबायला हवीत. खालचं चक्र आत झुकलेलं असेल तर हँगर वाकला आहे. हँगर मुद्दामच मऊ ॲल्युमिनियमचा असतो, फ्रेम वाचावी म्हणून. डिरेलरच्या बोल्टमध्ये ५ मिमीची ॲलन की घालून हळूच बाहेर ओढला की वाटेपुरता सरळ होतो. पण ॲल्युमिनियम एकदा वाकवून सरळ केलं की त्याच जागी कमजोर होतं, तेव्हा मुक्कामी पोचल्यावर नवा घालायचा. जादा हँगर जवळ हवा आणि तो त्याच फ्रेमचा हवा. हँगरचे आकार शेकड्यांनी आहेत. सायकलीचे भाग बनवणाऱ्या स्रॅमने २०१९मध्ये सर्वांसाठी एकच असा यूडीएच हँगर आणला, तो असलेल्या फ्रेमला मात्र कुठलाही यूडीएच चालतो.

उरलेल्या दोन फेऱ्यांसाठी तीन बदल केले. डावं टोक रिकामं सोडून दोन्ही सायकली मध्ये घेतल्या. मागच्या चाकांखाली रबरी चटई टाकली. आणि चढवण्याआधी चेन मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीवर, म्हणजे डिरेलर आत जातो आणि बाहेर कमीत कमी डोकावतो. लोक उलट सांगतात, लहान चकतीवर ठेवा म्हणून. ते मागचं चाक काढायचं असतं तेव्हा.

धुळीचं काय? कच्च्या रस्त्यावर चालत्या गाडीच्या मागे हवा पोकळी करते आणि धूळ फाळक्यावरून उलटी आत ओढली जाते. चेनवर जाड तेल असेल तर सहा फेऱ्यांत तिचा काळा लेप होतो. अशा दिवशी मेणाचं किंवा कोरडं तेल, तेही थोडंच. आणि दर फेरीला गादी व नळी यांच्यामध्ये हात फिरवून धूळ झटकायची. पाच सेकंदांचं काम, पण ते नाही केलं तर संध्याकाळी नळीचा रंग गेलेला असतो.

दिवस चौथा : ऊन, ५६० किलोमीटर

फळ्या परत हौद्यात, सायकली पहिल्या दिवसासारख्याच. यावेळी बांधायला ३५ मिनिटं लागली, पहिल्या संध्याकाळी दीड तास गेला होता. ठोकळ्यांच्या जागी फळीवर खडूने सायकलींची नावं लिहिलेली असली की वाद होत नाहीत.

दुपारी काळ्या अस्तरावर हात ठेववत नव्हता. टायरमधली हवा तापते तेव्हा तिचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. सकाळी २० अंशांना ४५ पीएसआय भरलेला ग्रॅव्हलचा टायर ५५ अंशांना साधारण ५२ दाखवेल. त्याने काही फुटत नाही. १०० पीएसआय भरलेला रोडचा टायर मात्र ११४वर जातो. कडेला हूक नसलेल्या रिमला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय ही वरची मर्यादा असते, तिथे सकाळी काठोकाठ भरणं म्हणजे दुपारी मर्यादा ओलांडणं. लांबच्या प्रवासाआधी थोडी हवा कमी करावी, हे उत्तर सोपं आहे. फार कमीही नको. मागचा टायर मऊ असेल तर पट्टा आवळला जात नाही, टायरच दबतो.

बॅटरीची जागा केबिनमध्ये, पण उन्हात बंद उभ्या केलेल्या केबिनमध्ये नाही. गाडी चालू असताना सीटच्या पायापाशी, सावलीत. जेवणाला उतरताना पिशवीत घालून बरोबर.

दुपारभर आडवा वारा होता. उभ्या सायकलींचं वाऱ्याला अडणारं क्षेत्र फार नसतं, तरी मोठी वाहनं ओलांडून गेली की चारही सायकली एकदम एका बाजूला झुकून परत येताना आरशात दिसत होत्या. झुकणं बोटभर. पण चौघी एकत्र झुकतात तोवर अंतर तेच राहतं, कोणी कोणाला लागत नाही. एकटी झुकणारी दिसली तर गाडी बाजूला घ्यायची, तिचा पट्टा सैल आहे.

संध्याकाळी उतरवताना क्रम ठरलेला: आधी मागचे पट्टे, मग हाताने सायकल धरून फोर्क. उलटं केलं तर सायकल मागच्या चाकावर फिरून शेजारणीवर पडते. चाक बसवून ब्रेक दोनदा दाबायचा, चाक मोकळं फिरतं का बघायचं. ग्रॅव्हलच्या थ्रू-एक्सलवरच (आरपार जाणाऱ्या जाड एक्सलवर) किती आवळायचं ते, म्हणजे १२ न्यूटन-मीटर, लिहिलेलं होतं, बाकीच्यांचं फ्रेमच्या पुस्तिकेत. क्विक रिलीजच्या दोन्ही स्प्रिंगांचं बारीक टोक आत.

मग फळ्या उलट्या करून पाहिल्या. सातही ठोकळ्यांचे नट जागच्या जागी. सात, कारण जादा मापांचे तीन ठोकळे कायम फळीवरच असतात. आठवा बोल्ट मागच्या फळीचा, कडीसाठी लावलेला. त्याच्या नटाखाली वॉशर घालायचा राहिला होता. चार दिवसांत नटाच्या सहाही कोपऱ्यांचा ठसा लाकडात दीड मिलिमीटर खोल उमटला होता, आणि नट बोटांनी फिरत होता.